अकराच्या अकरा

रुपरावांनी सहीसाठी पेन आणून ठेवलं होतं. सोनेरी टोपणाचं, मखमली डबीतलं. अहवाल टॅबवर बोटानं भरायचा असतो, हे शामलानं त्यांना दोनदा सांगून झालं होतं. पण ज्या कागदावर पेन चालत नाही तो कागदच नव्हे, असं रुपरावांचं मत होतं, आणि साठी उलटल्यापासून त्यांनी एकही मत बदललं नव्हतं.

“बस वं, शामू. आधी हे उरकून टाक. मंग निवांत जेवू,” ते म्हणाले. “जेवल्यावर तुहे डोळे मिटतेत.”

शामला बसली. नंदनवन वस्तीतल्या घराच्या जिन्याखालच्या या खोलीला तिचे थोरले भाऊ रुपराव ऑफिस म्हणायचे. एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर वडिलांचा, नत्थूजींचा, फोटो. बाहेर हॉलमध्ये रुपरावांची सून मिनल हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली होती. सातवा महिना. डोहाळजेवणाला हल्ली सूत्रसंचालिका लागते. ती माइकवर बायकांना विचारत होती की बाळ मोठेपणी कोण होणार. कुणीतरी कलेक्टर म्हणालं, टाळ्या पडल्या.

शामलाच्या पर्समध्ये फोन होता आणि फोनमध्ये सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आलेला प्रयोगशाळेचा निकाल. तो तिनं चारदा वाचला होता. समजला नाही म्हणून नव्हे. आकडे इतके एकमेकांसारखे होते की ते तसे का आहेत हे तिला पहिल्याच वाचनात कळलं होतं, आणि आपलं अनुमान चुकावं अशी इच्छा तिला आयुष्यात पहिल्यांदा झाली होती.

हिंगण्याचं वर्कशॉप नत्थूजींनी काढलेलं. वीज बोर्डातली नोकरी सोडून त्यांनी शेडमध्ये जुने ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करायला घेतले: खोलायचे, तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची, तेल बदलायचं, परत पाठवायचे. जुनं तेल शेडमागच्या अंगणात ड्रमांत साठायचं. एके काळी अशा काही यंत्रांच्या तेलात पीसीबी नावाचं रसायन असायचं. ते जळत नाही, खराब होत नाही, कशानं बिघडत नाही. म्हणून लोकांना त्याचं कौतुक. मग कळलं की ते मातीत बिघडत नाही, माशात बिघडत नाही, आणि माणसाच्या चरबीत जाऊन बसलं की तिथंही वर्षानुवर्षं बिघडत नाही. कौतुक संपलं. जगातल्या देशांनी करार केला की हे तेल शोधायचं, मोजायचं आणि नष्ट करायचं. भारतानंही सही केली. शोधण्या-मोजण्यासाठी तज्ज्ञ नेमले. पंचवीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेली शामला त्यांपैकी एक. विदर्भातल्या दुरुस्ती वर्कशॉपांची यादी तिच्याकडे होती.

तीन वर्षांत या कामासाठी पाच कार्यशाळा झाल्या. पाचही हॉटेलांत. प्रत्येकीत एक ज्यूटची पिशवी, एक वही आणि एक परदेशी सल्लागार. मागच्या वेळचे गृहस्थ दोन तास बोलले. ‘भागधारक’ हा शब्द त्यांच्या भाषांतरात एकसष्ट वेळा आला. शामलानं वहीत रेघा मारल्या होत्या. ‘ड्रम’ हा शब्द एकदाही आला नाही. मग पनीरचे तीन प्रकार होते.

तरी तिनं काम नीट केलं. अडतीस वर्कशॉपांचे नमुने घेतले. भावाच्या वर्कशॉपचेही घेतले, तेव्हा अकरा ड्रमांपैकी दोन खराब निघाले: चार नंबर आणि सात नंबर. बाकी नऊ स्वच्छ. नियम असा की निकाल मालकाला पत्रानं कळतो, आणि पत्र घेऊन येणारा माणूस त्याच दिवशी ड्रमांना सील लावतो. शामलानं पत्र निघायच्या आधी फोन केला. “भाऊ, चार अन् सात वेगळे काढ. झाकण लावून कोपऱ्यात ठेव. हात लावू नको.” कामात तिनं केलेला हा एकमेव नियमभंग. तो तिनं बहीण म्हणून केला होता. पत्र पुढे कुठल्याशा टेबलावर पंधरा दिवस अडकलं, आणि तेवढ्या वेळात रुपरावांनी तिच्या फोनचा उपयोग केला. सील अजून लागायचं होतं. त्याआधी परवा प्रयोगशाळेची माणसं खात्रीसाठी पुन्हा नमुने घेऊन गेली. ते आकडे आता तिच्या पर्समध्ये होते, आणि अहवाल आज सहापर्यंत पाठवायचा होता.

दार ढकलून पियुष आला. रुपरावांचा मुलगा, मिनलचा नवरा. पुण्याहून एमबीए करून आलेला, आज झब्ब्यात.

“आत्या, आता टेन्शन नाही घ्यायचं. प्रॉब्लेम आपण सॉल्व्ह करून टाकला.”

“कसा?”

“सांगू का, बाबा?”

“सांग ना बे. घरचीच आहे ते.” रुपराव खुर्चीत मागे रेलले. पोरानं मिळवलेलं बक्षीस पाहुण्यांना दाखवताना बाप जसा रेलतो, तसे.

“चार अन् सातमध्येच जास्त होतं ना? मग आपण पंप लावला अन् अकराही ड्रम आपसात फिरवले. दोन दिवस लागले. दोन खराब, नऊ चांगले. मेजॉरिटी चांगल्याची. सिम्पल.”

“वरणात पाणी वाढवतो तसं,” रुपराव म्हणाले. “चार पाहुणे जास्त आले का करत नाई का आपण? तिखट कमी होते, सगळ्याइले पुरते.”

शामलानं भावाकडे पाहिलं. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. तिला आली ती शिसारी, आणि तीही एका विशिष्ट गोष्टीची: दोघांचेही चेहरे खरोखरच समाधानी होते. यांना चोरी केल्यासारखं वाटत नव्हतं. आपण काटकसर केली असं वाटत होतं.

“त्या दोन ड्रमांत किती होतं, आठवते का?” तिनं पियुषला विचारलं.

“एकेकात सहाशे वीस पीपीएम का काहीतरी.”

“अन् मर्यादा?”

“पन्नास.”

“दोन ड्रम. सहाशे वीस दुणे बाराशे चाळीस. अकरानं भाग.”

पियुषनं फोन काढला. अकरानं भागायला त्याला फोन लागला, हे शामलानं मनात नोंदवून ठेवलं.

“एकशे बारा पॉइंट सात,” तो म्हणाला, आणि मग फोनकडेच बघत राहिला.

“प्रयोगशाळा म्हणते एकशे नऊ ते एकशे सतरा. तुम्ही चांगलं ढवळलं. आधी दोन ड्रम खराब होते. आता अकराच्या अकरा आहेत.”

“असं कसं?” रुपराव पुढे झुकले. “पातळ केलं ना आमी!”

“पातळ करून पन्नासाखाली आणायचं तर पंचवीस ड्रम लागले असते, भाऊ. अन् लागले असते तरी तो गुन्हाच असता. ते जिरत नाही, पसरते.”

“मशीनची चूक असंन.”

“मशीन माझं नाही.”

“मंग तर पक्कीच चूक.”

बाहेर माइकवरून दोन झाकलेल्या वाट्यांचा खेळ जाहीर झाला. एकीत पेढा, एकीत बर्फी. बायकांचा गलका उठला. रुपराव अडाणी नव्हते. त्यांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला की त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर फिरायचा. आता फिरत होता.

“शामू,” ते हळू आवाजात म्हणाले, “पहिला निकाल तू वरती पाठवला का?”

“नाही. दोन्ही एकत्र जाणार.”

“मंग दुसरा काहून पाठवायचा? पहिला पाठव. दोन तर दोन. मी त्या दोनाले सील लावून घेतो, फोटो काढून घे. बाबाइचं चाळीस वर्षांचं नाव आहे वर्कशॉपवर. अकरा लिवले तर अंगणालेच कुलूप लागते. मान्यता जाते. हा पोट्टा काय करंन मंग?”

“भागाकार शिकेल.”

“आत्या, प्लीज,” पियुष म्हणाला. “टॉन्ट नका मारू. आज तरी.”

तेवढ्यात वंदना आली. रुपरावांची बायको, आजची यजमानीण. पदर खोचलेला, कपाळावर घाम. “अवो, पानं वाढून राहिले अन् तुमी इथंच? शामलाताई, चला ना. सून वाट पाहून राहिली.” मग तिघांचे चेहरे बघून ती थांबली. रुपरावांनी तिला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यांच्या सांगण्यात पंप नव्हता, पियुष नव्हता. होती फक्त हट्टाला पेटलेली बहीण.

वंदनानं दार लोटून घेतलं. तीस वर्षं ती या नवऱ्याच्या बाजूनं उभी होती आणि त्यासाठी तिला विचार करावा लागत नसे.

“ताई, दोन लिवा ना. दोन काय अन् अकरा काय, सरकार येऊन मोजते थोडीच?”

पाच कार्यशाळांत एवढं खरं वाक्य कुणी बोललं नव्हतं. वंदनाचं चूक नव्हतं. हे तेल प्रचंड उष्णतेत नष्ट करायची भट्टी अजून नकाशावरच होती. दोन लिहिले तरी ड्रम अंगणातच राहणार होते, अकरा लिहिले तरी अंगणातच. अहवाल परिशिष्टात जाणार, परिशिष्ट कपाटात. मग कुणासाठी लिहायचं? सत्यासाठी, असं म्हणायला तिला लाज वाटली. तो शब्द ती वर्गातसुद्धा वापरत नसे. आणि तिनंच केलेला फोन? अकरा लिहिले की फोनही लिहावा लागणार होता. दोन लिहिले तर तिचाही फोन वरणासारखाच पातळ होऊन जाणार होता. तिला स्वतःचीही शिसारी आली, आणि त्यात तिला थोडं बरं वाटलं. निदान न्याय सारखा होता.

“मिसळल्यावर तेल बाहेर गेलं का?” तिनं विचारलं.

पियुषनं बापाकडे पाहिलं.

“दोन ट्रान्सफॉर्मर भरून गेले,” रुपराव म्हणाले. “ऑर्डर होती.”

“कुठं?”

“ते कशाले पाहिजे तुले?”

दार पुन्हा उघडलं. काठी आधी आली, मागून कौशल्याबाई, रुपराव आणि शामलाची आई. वय ब्याऐंशी, दात चार, जीभ शाबूत.

“तुमी सारे इथं लपून बसले का? त्या माइकवालीचं तोंड मी एकटीनंच पाहू काय? इचारते मले, आजी, तुमच्या काळात डोहाळे कसे होते? म्या म्हटलं, बाई, आमच्या काळात डोहाळे नव्हते, डोक्यावर पाणी होतं. हसली नं ते. दाताले लिपस्टिक लागून राहिली.”

“माय, बस,” शामलानं खुर्ची सोडली.

“बसतो. गुडघे आज लय बोलून राहिले. सकाळी मालिशच नाई झाली. मिनलले फुलं बांधून ठेवलं ना या बायाइनं. त्या पोरीचा हात लय गुणाचा हाये, शामू. रोज सकाळी पंधरा मिनिटं. अन् रुप्या, या वेळचं तेल तू चांगलं आणलं. गरम हाये.”

शामला आईकडे वळली.

“कोणतं तेल, माय?”

“कोणतं म्हणजे? आपलं. वर्कशॉपचं.”

शामलाला ती बाटली माहीत होती. लहानपणी न्हाणीघराच्या फळीवर असायची. एम.एस्सी. झाल्यावर तिनं आईला समजावलं होतं, हे अंगाला लावायचं नसते. आई हो म्हणाली होती. या घरात हो म्हणणं ही विषय संपवायची पद्धत होती, हे शामलानं विसरायला नको होतं. तिनं पुन्हा कधी विचारलं नव्हतं. अडतीस वर्कशॉपांच्या मालकांना तिनं छापील प्रश्नावलीतून विचारलं होतं: तेलाचा अन्य काही वापर होतो का? भावानं ‘नाही’ वर खूण केली होती आणि तिनं ती तशीच पुढे नेली होती.

“बाटली कधी भरली?” तिनं विचारलं. “मिसळायच्या आधी का नंतर?”

“मले काय माहीत? पियुषनं आणली,” रुपराव म्हणाले.

“बाबा, तुम्हीच म्हटलं आजीचं तेल संपलं म्हणून!”

“म्या भर म्हटलं. कोणत्या ड्रमातून ते म्या सांगतलं का?”

“आता ड्रम सगळे सारखेच आहेत ना,” शामला म्हणाली. “अन् आधीच्या बाटल्या? त्या कुठल्या ड्रमातल्या?”

चार असेल, सात असेल.

“आत्या, मिनलला नका सांगू,” पियुष घाईनं म्हणाला. “आत्ता नको. तिला स्ट्रेस होईल.”

“काय नका सांगू?”

मिनल दारात उभी होती. कानांत मोगऱ्याचे झुबे, हातात खेळात मिळालेला पेढा तसाच. ती आर्वीची. बी.एस्सी. झालेली, हे लग्नाच्या बायोडाट्यात होतं. त्यानंतर दोन वर्षांत या घरात त्याचा उल्लेख कुणी केला नव्हता.

“काही नाही गं,” पियुष म्हणाला. “चल, जेवायला—”

“मी आत्यांना विचारलं.”

शामलानं सांगितलं. वाढवून नाही, कमी करून नाही. तेलात काय आहे, किती आहे, कातडीतून आत जातं, शरीरात साठतं. मिनलनं मधे अडवलं नाही. हातातला पेढा तिनं टेबलावर, पेनाच्या डबीशेजारी ठेवला.

“बाळाला जाते का?”

“काही भाग जातो. वारेतून, नाळेवाटे.”

“अन् दुधातून?”

“त्यातूनही. तरी दूध बंद करू नये असंच सांगतात. फायदा जास्त असतो. पण ते डॉक्टरला विचारू, मी ठरवणार नाही.”

“माझ्यात किती असेल?”

“माहीत नाही. या बाटलीचंच, चार-पाच दिवसांचं असेल तर फार नसेल. पण तू दोन वर्षं चोळते आहेस, अन् आधीच्या बाटल्यांत काय होतं ते कुणी मोजलेलं नाही. रक्त तपासावं लागेल.”

“म्हणजे तुम्हाला माहीत नाही.”

“नाही.”

“बरं,” मिनल म्हणाली. “या घरात पहिल्यांदा कोणी माहीत नाही म्हणालं.”

“अवं, एवढं काही होत नसते,” रुपराव उठले. “बाबाइनं जिंदगीभर त्या तेलात हात घातले. माय ब्याऐंशीची हाये, पाह्य ना तिले. काय झालं?”

“मानेवर फोड होते त्याहीच्या,” कौशल्याबाई म्हणाल्या. “काळे. चाळीस वर्षं. गळाबंद सदरा काहून घालत होते वाटते तुले? फॅशन म्हणून?”

“ते उष्णतेचे होते, माय.”

“तू डाक्तर हाये का?”

वंदना इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. आता ती नवऱ्याकडे न बघता पियुषकडे बघत होती, आणि तिचा आवाज आला तो स्वयंपाकघरात दूध उतू जाताना येतो तसा.

“काल लाडू कोणी वळले?”

“काय?”

“बाहेर शंभर बाया लाडू खाऊन राहिल्या. काल सकाळी आजीची मालिश झाली अन् मंग पोरगी माह्यासंगं लाडवाले बसली. हात धुतले व्हते तिनं. धुतले व्हते ना वं, मिनल?”

“धुतले होते, आई. साबणानं.”

“धुतल्यानं जाते का हो, ताई?”

“लाडवात जाईल एवढं राहत नाही, वहिनी,” शामला म्हणाली. “त्याची भीती नको.” ते खरं होतं, म्हणूनच ती म्हणाली. पण वंदनाला दिलासा नको होता. तिला कुणावर तरी उतरायचं होतं, आणि तो माणूस समोर उभा होता.

“तुमाले मालूम होतं,” ती रुपरावांना म्हणाली. “चार नंबरले अन् सात नंबरले हात लावू नका, असं ताईनं सांगतलं होतं. माह्यासमोर फोन आला. तुमी हातबी लावला, अन् वरून बाटली भरून घरात आणली. पोटुशी पोरगी हाये घरात, एवढंबी डोक्यात नाई आलं?”

“तू कोणाकडून बोलून राहिली? माह्याकडून का तिच्याकडून?”

“मी चालान लिवतो,” वंदना म्हणाली. “तुमच्या वर्कशॉपचं डिलिव्हरीचं पुस्तक माह्या अक्षरात हाये, काहून का तुमच्या पोट्ट्याचं अक्षर कोणाले वाचता येत नाई. लिवा, ताई. एक ट्रान्सफॉर्मर मौद्याकडच्या राइस मिलले गेला. दुसरा काटोल रोडच्या कोल्ड स्टोरेजले. सोमवारी निघाले. नंबर देतो मी.”

रुपरावांनी बायकोकडे पाहिलं. तीस वर्षांत ते पुस्तक कुणाच्या अक्षरात आहे याचा त्यांनी विचार केला नसावा. ते खाली बसले. अंगठा तर्जनीवर फिरायचा थांबला होता.

शामलानं टॅब उघडला. आता विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. परिशिष्ट कपाटात जाईल की न जाईल. पण मौद्याच्या त्या मिलमध्ये कुणीतरी उद्या ट्रान्सफॉर्मरची गळती फडक्यानं पुसणार होता आणि फडकं खांद्यावर टाकणार होता. त्याच्यासाठी लिहायला पुरेसं होतं. ड्रमांची संख्या: अकरा. तिनं आकडे एकेक करून भरले. मिसळल्याची तारीख. पाठवलेल्या यंत्रांची माहिती. मग एक रकाना आला: निकालाची पूर्वसूचना मालकास मिळाली होती का? तिनं ‘होय’ केलं. कोणाकडून? तिथं तिनं स्वतःचं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, नातं लिहिलं.

रुपराव खांद्यावरून वाचत होते. “तुलेबी काढून टाकतीन मंग.”

“हो.”

“अन् तरी लिवून राहिली?”

“मी फोन केला नसता तर तुझे दोनच ड्रम असते, भाऊ.”

रुपराव घुश्शात बाहेर जायला निघाले, दारापर्यंत गेले, आणि बाहेर शंभर बायका आहेत हे आठवून परत आले.

पुढचा रकाना होता: संपर्कात आलेल्या व्यक्ती. शामलाचं बोट थांबलं. इथं वर्कशॉपातले चार कामगार लिहायचे, हे सोपं होतं. ते तिनं लिहिले. मग ती पुढच्या पानावर जायला निघाली.

“आत्या, मी राहिले ना,” मिनल म्हणाली.

“घरच्या सुनेचं नाव सरकारी कागदात?” रुपराव उसळले. “बिलकुल नाई!”

“मिनल लिहा. वय सत्तावीस. गरोदर, सातवा महिना. संपर्क दोन वर्षं, रोज पंधरा मिनिटं, दोन्ही हात. रक्त तपासायला कोणाचं नाव लागेल नाहीतर? सूनबाई म्हणून तपासतात का?”

“मिनल, आपण आधी प्रायव्हेटमध्ये चेक करू,” पियुष म्हणाला. “मग बघू.”

“तू आधी भागाकार कर,” मिनल म्हणाली. ती हे दाराबाहेरून केव्हापासून ऐकत होती, ते सगळ्यांना आत्ता कळलं.

शामलानं लिहिलं. नाव, वय, संपर्काची सुरुवात, कालावधी.

“माहंबी लिव,” कौशल्याबाईंनी काठी आपटली. “मले काहून सोडून राहिली? मी का मेली हाये? कौशल्या नत्थूजी. ब्याऐंशी.”

“केव्हापासून लावतेस, माय?”

“लय जुनी गोष्ट. तुहे बाबा बोर्डात होते. बाहेरच्या देशाचं एक मशीन खोललं होतं त्याहीनं. म्हणे, कौशल्ये, हे तेल पेटतच नाई, काडी लावली तरी. लय भारी चीज हाये. बाटली भरून आणली. माही कंबर धरली होती ना तवा. उठताबी येत नव्हतं. सोताच्या हातानं चोळून देत, बापा. कोणता नवरा देते त्या काळात?” त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर ब्याऐंशी वर्षं नव्हती. “पार कमरेले, पोटाले, साऱ्याले.”

“कंबर कशानं धरली होती?”

“पोटुशी होती ना मी. सातवा लागला होता.”

“भाऊच्या वेळी?”

“रुप्याच्या वेळी कुठं? त्याच्या वेळी मी पाणी भरत होती. तुह्या वेळी.”

बाहेर माइकवर कुणीतरी जेवणाची घोषणा केली. शामलानं आईची ओळ पूर्ण केली. मग खालच्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि स्वतःचं नाव टाकलं. वय: चौपन्न. जन्मतारीख भरली. संपर्काच्या सुरुवातीची तारीख भरली, साधारण अडीच-तीन महिने आधीची. रकाना लाल झाला. खाली बारीक अक्षरांत सूचना आली: संपर्काची तारीख जन्मतारखेपूर्वीची असू शकत नाही. तिनं पुन्हा भरली. पुन्हा लाल.

“काय म्हणून राहिलं ते?” कौशल्याबाईंनी मान पुढे काढून विचारलं.

“असं होऊ शकत नाही म्हणते.”

“कोणी ठरवलं?”

अहवालाचा हा नमुना-अर्ज तज्ज्ञ समितीत आला तेव्हा रकाने तपासून त्याला मान्यता कुणी दिली होती, हे शामलाला आठवत होतं.

“मी,” ती म्हणाली, आणि शेऱ्याच्या जागेत लिहायला लागली.